डावा कौल

सावलाराम चाळीचं अंगण कागदोपत्री कोणाच्या मालकीचं होतं ते मालक जाणे आणि त्याचा वकील जाणे. खरा ताबा होता राधाबाईचा, आणि तोही खाटेवरून. उजवं अंग लुळं पडून तिला चार वर्षं झाली होती. तळमजल्यावर तीन नंबरच्या खोलीत दाराला अगदी लागून तिची खाट, आणि तिथून नळापासून मागच्या कुंपणापर्यंत सगळं अंगण तिच्या नजरेखाली. नळावर कोणाची कळशी पुढे घुसली, कोणाच्या पोराने कोणाला ढकललं, वाळत घातलेल्या कुरडयांवर कोणाची कोंबडी चढली, हे तिला दिसल्याशिवाय राहत नसे आणि दिसल्यावर तिचं तोंड गप्प बसत नसे. भोईवाड्यात कोर्ट होतं, पण नळावरची भांडणं तिच्याकडेच येत. अंग गेलं तरी जीभ शाबूत ठेवली म्हणून ती देवाचे आभार मानी. चाळीतली काही मंडळी त्याच गोष्टीसाठी देवाला बोल लावत.

तिचा नवरा दत्ताराम अगदी उलट. तीस वर्षं गिरणीत साचेखात्यात, मागांवर काढली, पण त्या तीस वर्षांत कोणी त्याला मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. गेल्याच वर्षी तो गिरणीतून कमी झाला होता आणि आता एका वाण्याकडे अर्धा दिवस पुड्या बांधायला जाई. सकाळी राधाबाईचं तोंड धुवायचं, वेणी घालायची, तिला वाटीभर पेज भरवायची आणि मग कामाला. तिच्या हुकुमावरून तो दिवसातून दहा वेळा हात धुई. स्वच्छतेच्या बाबतीत राधाबाई जरा जास्तच कडक होती, आणि लुळी पडल्यापासून तर विचारूच नका.

पण या गरीब माणसाचा वर्षातून एक दिवस होता. अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात, सगळ्यात सखल जागी, शेंदूर फासलेला एक गुडघाभर उंचीचा दगड होता. चाळीचा पाया खणताना तो निघाला, तेव्हा खणणाऱ्या मजुरांत दत्तारामचा बाप होता. कोकणातला माणूस, त्याने लगेच ओळखलं की हा जागेचा राखणदार. त्याने दगड उभा केला, नारळ फोडला, आणि तेव्हापासून देवदिवाळीला राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्या घराकडे आला. त्या दिवशी दत्ताराम धुतलेलं धोतर नेसून उभा राही आणि एरवी ज्याचा आवाज पलीकडच्या खोलीत जात नसे तो माणूस खणखणीत ओरडे, “बा महाराजा, चाळीच्या राखणदारा! तुझी लेकरां तुझ्या पायाशी गोळा झाली हत. वाकड्याचा सरळ कर रे महाराजा!” आणि ऐंशी बिऱ्हाडं हात जोडून एका आवाजात म्हणत, “व्हय महाराजा!” राधाबाई खाटेवरून डावा हात कपाळाला लावी आणि नवऱ्याकडे बघत राही.

छप्पन सालच्या सुरुवातीला शेजारच्या मोकळ्या जागेत काम निघालं. ती जागा म्हणजे पूर्वी म्हशींचा गोठा होता. गोठा मोडल्यावर नुसता उतार राहिला. चाळीच्या अंगणातलं पावसाचं पाणी वर्षानुवर्षं त्या उतारावरून पलीकडच्या मोठ्या गटाराला जाऊन मिळे. पाणी कुठून जातं याचा विचार चाळीत कोणी कधी केला नव्हता, कारण ते जात होतं. आता तिथे लॉऱ्या येऊ लागल्या. गिरण्यांच्या बॉयलरची राख, विटांचे तुकडे, माती, असा भराव पडत पडत जागा चाळीच्या अंगणापेक्षा दोन हात उंच झाली. चार मजली इमारत उठायची होती.

तिथला ओव्हरसियर होता चिंतामणी सोहोनी. गिरगावातला, सडपातळ, डोक्यावर उन्हाची टोपी घालणारा, सरळ माणूस. एके दिवशी तो आपण होऊन चाळीत आला आणि राधाबाईच्या दारापुढे उभा राहून म्हणाला, “हे पाहा, आमच्या भरावामुळे तुमचं पाणी अडणार. पाया उघडा आहे तोवर मी तुमच्या अंगणापासून आमच्या जागेखालून मोठ्या गटारापर्यंत नऊ इंची पाइप टाकून देतो. वरच्यांची परवानगी मी काढली आहे. फक्त तुमच्या त्या सखल कोपऱ्यात पाण्यासाठी एक हौदी बांधावी लागेल. तो देवाचा दगड चार हात अलीकडे घ्या, म्हणजे झालं.”

“चार हातच ना?” राधाबाई म्हणाली. “घेव की. देवाक काय, हय बसलो काय नि थय बसलो काय.”

बाईने दोन वाक्यांत मिटवलेला प्रश्न पुरुषांनी हातात घेतला आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. ते दिवसच तापलेले होते. जानेवारीत मुंबईत गोळ्या चालल्या होत्या, माणसं मेली होती, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची भाषा कोणी काढली की चाळीतल्या म्हाताऱ्यांच्यासुद्धा मुठी वळत. दुसऱ्या मजल्यावरचा कोंडीराम साताऱ्याकडचा, संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता, सभेला माणसं न्यायला सगळ्यात पुढे. तो गॅलरीतून गरजला, “आज चार हात मागत्यात, उद्या चाळ मागतील! इंचभर बी जागा देनार न्हाय!” खाली टाळ्या पडल्या. पाइप, उतार, हौदी सगळं बाजूला राहिलं आणि राखणदाराच्या दगडाला मुंबईचं रूप आलं.

तरी काही शहाणी माणसं म्हणत होती की पाण्याचाही विचार करा. शेवटी ठरलं, देवालाच विचारू. कौल लावू. कौल म्हणजे काय ते कोकणी माणसाला सांगायला नको. दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कौल लावायचा मानही अर्थातच दत्तारामचा.

त्याच्या मनात काय होतं? खरं सांगायचं तर त्याला दगड हलायला नको होता. जागेची इंच इंच लढाई त्याच्या डोक्यात नव्हती. अलीकडे घेतलेला दगड नळाकडे जायच्या वाटेवर येणार, त्यावर बायका परकर वाळत घालणार, पोरं त्याच्यावर बसणार, आणि देवदिवाळीला तिथे ऐंशी बिऱ्हाडं मावणार नाहीत, एवढंच त्याला दिसत होतं. बापाने उभा केलेला दगड आपल्या हाताने काढला की आपण पुन्हा नुसते पुड्या बांधणारे दत्ताराम, ही भीती होती. असल्या भीतीला माणूस धर्म म्हणतो, परंपरा म्हणतो. दत्तारामने तिला काहीच नाव दिलं नाही.

कौलाच्या दिवशी तो सकाळी राधाबाईला पेज भरवत होता. बाहेर माणसं जमली आणि कोंडीरामने हाक मारली. दत्ताराम उठला. बोटं पेजेने चिकट झाली होती. मोरी दोन पावलांवर होती, तांब्या भरलेला होता. तो तसाच बाहेर पडला. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्याने डावी नुसती टेकवली, आणि उजवी लावताना अंगठा दाबून धरला.

“बा महाराजा, उजवो कौल दिलंस तर तुका हलवतलंव. डावो दिलंस तर हात लावचंव नाय. खऱ्याचा खरा करून दाखय रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

वैशाखाचं ऊन होतं. डावी पाकळी पाच मिनिटांत सुकून गळून पडली. उजवी दुपारपर्यंत दगडाला चिकटून होती. कोंडीरामने नारळ फोडला, जयघोष झाला, आणि त्याच बैठकीत कागद तयार झाला: सावलाराम चाळीचे रहिवासी आपल्या अंगणातील तसूभरही जागा देणार नाहीत व पाइपाची त्यांना आवश्यकता नाही. पहिली सही दत्तारामची घेतली. चिंतामणी सोहोनीने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “पुन्हा एकदा विचार करा. पाया पंधरा दिवसांत भरेल.” कोणी विचार केला नाही.

आषाढात पाणी आलं. आधी कोपऱ्यात डबकं झालं, मग अंगणभर पसरलं आणि दोन दिवसांनी तळमजल्याच्या खोल्यांत शिरलं. नव्या भिंतीपाशी येऊन ते नुसतं उभं राही. राधाबाईच्या खाटेचे पाय बुडाले. दत्तारामने खाट मागच्या भिंतीला नेली, कारण चुलीकडची जमीन चार बोटं उंच होती, आणि उंबऱ्यावर विटांचे दोन थर रचून मातीने लिंपले. विटा चिंतामणीनेच दिल्या, तुटक्या पण बऱ्या. पाणी ओसरल्यावर दत्तारामने बांध मोडला, खाट पुन्हा दाराशी आणली, आणि राधाबाईने पहिल्याच दिवशी तीन भांडणं निकालात काढली.

पुढच्या वर्षी इमारतीचा मागचा भाग उठला आणि तिकडचं पाणीही चाळीकडे वळलं. बांधाला चार थर लागले. दत्ताराम वॉर्डाच्या कचेरीत अर्ज घेऊन गेला. तिथे सांगितलं की इमारतीचा नकाशा रीतसर मंजूर आहे, चाळीच्या हद्दीतलं पाणी ही चाळीच्या मालकाची बाब. मालकाने सांगितलं की पाणी शेजारच्या इमारतीमुळे तुंबतं, ही कचेरीची बाब. दोघांनी मिळून त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. शेवटी तो चिंतामणीकडे गेला.

“दत्तारामभाऊ,” चिंतामणी म्हणाला, “पाया उघडा होता तेव्हाच ते जमण्यासारखं होतं. पाइपाच्या वाटेवर आता जिना आहे. मी एक साधा नोकर, जिना कसा पाडू? आणि पाडा म्हटलं तरी वरचे लोक हा कागद पुढे करतील.” त्याने टेबलाच्या खणातून तो कागद काढून दाखवला. पहिली सही दत्तारामची होती. दत्तारामच्या ओठांवर आलं होतं की साहेब, तो कौल देवाचा नव्हता, माझ्या बोटांचा होता. पण त्याने नुसता कागद परत सरकवला. सांगून जिना थोडाच हलणार होता?

कोंडीरामला मात्र काडीचं दुःख नव्हतं. तो वरच्या मजल्यावर राहत होता हे एक, आणि दुसरं म्हणजे निवडणुकीत समितीने मुसंडी मारली होती. “देवाचाच कौल व्हता गा,” तो दत्तारामच्या पाठीवर थाप मारून म्हणे, “तिथं आपन मानसं काय करनार!” प्रत्येक थापेसरशी दत्ताराम आतून खचत गेला.

दुसऱ्या खोलीचा प्रयत्न झाला नाही असं नाही. पण वरची खोली सोडून पाण्यातल्या खोलीत यायला कोण तयार होणार? पहिल्या मजल्यावरच्या कमळाबाईने राधाबाईला आपल्या गॅलरीत ठेवून घ्यायची तयारी दाखवली. चौघांनी तिला उचलून जिन्यातून नेलं, तर अरुंद वळणावर तिचा लुळा हात कठड्याला आपटून सुजला, आणि कमळाबाईच्या नऊ माणसांच्या घरात ती दोन दिवस अवघडून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “माका माझ्या घराकडे न्या.” कोकणात गावी राहणाऱ्या मुलाकडे न्यायचं म्हटलं तर बोट, मग एस्टी, मग डोलीतून दोन मैल; डॉक्टरांनी मान हलवली.

तिसऱ्या वर्षापासून बांध मोडायचं बंद झालं. अंगणातली ओल दिवाळीनंतरही सुकेना, शेवाळ धरलं, आणि जरा कुठे मोरी तुंबली की घाण पाणी उंबऱ्याशी येई. दरवर्षी दत्ताराम दोन थर वाढवी. साठ साल उजाडलं तेव्हा बांध त्याच्या कमरेला आला होता आणि बाहेर पडायला त्याला डबा ठेवून पलीकडे उतरावं लागे. मागच्या भिंतीला टेकलेल्या खाटेवरून राधाबाईला आता बांध दिसे, आणि बांधावरून पलीकडच्या इमारतीची पिवळी भिंत. अंगण दिसत नव्हतं. नळावर भांडण झालं की ती कान टवकारी, चार शब्द ओरडे, पण न दिसणाऱ्या न्यायाधीशाचं कोण ऐकतो? हळूहळू बायकांनी यायचं सोडलं. मग तिनेही ओरडायचं सोडलं, आणि दत्तारामला ती शांतता पाण्यापेक्षा जास्त छळू लागली. शिव्या दे, पण बोल, असं त्याला रोज वाटे.

एक मेला महाराष्ट्र झाला. चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, चिखलावर फळ्या टाकून अंगणात पेढे वाटले, कोंडीराम रडला. मुंबई मिळाली! दत्ताराम बांधावरून आत येऊन राधाबाईला एकेक गोष्ट सांगत होता: तोरण कसं आहे, कोणी फेटा बांधला आहे, कोण नाचतो आहे. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “राखणदाराक हार घातलो?”

“घातलो.”

“बरा झाला,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवून पडून राहिली.

आषाढात सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मांडीभर पाणी होतं, राखणदार शेंदरासकट बुडाला होता, आणि बांधाच्या फटींतून आत झरे लागले होते. दत्तारामने फटींत चिंध्या कोंबल्या, मोरीत जाऊन हात चांगले खसखसून धुतले आणि पेजेची वाटी घेऊन खाटेवर बसला. राधाबाईने दोन घास घेतले. अलीकडे ती तेवढंच खाई.

“माका एकदा दाराकडे नेशात?” ती म्हणाली.

“पाणी ओसारला की बांध काढतंय. मग नेतंय.”

“चार वर्सां ओसारताच आसा.” ती हसल्यासारखं करत त्याच्या हातांकडे बघत होती. “आता बरे दर खेपेक हात धुतात. त्या दिवशी नाय धुतलात.”

दिवस कुठला ते दत्तारामला लगेच कळलं.

“पेजेचो हात घेऊन तसेच भायर गेलात,” ती शांतपणे म्हणाली. “मी तेव्हा दाराकडे होतंय, थयसून बगलंय. उजव्या पाकळेक अंगठो किती येळ दाबून धरलात, ता पण बगलंय.”

“मगे बोललंस नाय कशाक?” त्याचा आवाज फुटला. “थयच बोलाचा होता! आज तू दारात असतंस!”

“अख्ख्या चाळीसमोर माझ्या घोवाक खोटो पाडू?” राधाबाई म्हणाली. “तुमका कोण हात जोडता, ता माका वर्साक एकदाच बघूक गावायचा. म्हटलंय, ऱ्हवांदे दगड थयच. पाणी इतक्या येतला, ह्या माका तरी खय म्हायत होता?”

दत्तारामने वाटी खाली ठेवली. बराच वेळ तो तिच्या लुळ्या हातावर कपाळ टेकून बसला. मग उठला, कमळाबाईला हाक मारून तिच्या कुंडीतल्या जास्वंदीचं एक फूल वरून टाकायला सांगितलं, आणि बांध ओलांडून पाण्यात उतरला. फूल टाकून कमळाबाई आत गेली होती, आणि वरच्या गॅलऱ्या पावसामुळे रिकाम्या होत्या. मांडीभर पाण्यातून पाय ओढत तो कोपऱ्यात गेला, वाकून पाण्याखाली दगड चाचपला, त्याचे खांदे शोधले आणि दोन पाकळ्या त्यांवर ठेवल्या. हात काढल्याबरोबर त्या वर आल्या. पुन्हा ठेवल्या, पुन्हा वर आल्या. तिसऱ्यांदा त्याने त्या दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरल्या आणि छातीभर श्वास घेऊन गाऱ्हाणं घातलं.

“बा महाराजा, चाळीच्या राखणदारा! खोटो कौल मी लावलंय. पाप माझा आसा, ता माझ्या पदरात घाल. हिका एकदा तरी तिचा अंगण दाखय रे महाराजा!”

पावसाचा आवाज येत होता. ऐंशी बिऱ्हाडांतून कोणी ओ दिली नाही. तो तसाच वाकून, अंगठे दाबून उभा राहिला. मग बांधाच्या आतून, मागच्या भिंतीकडून, एका बाईचा बारीक, दमलेला आवाज आला.

“व्हय महाराजा.”

दत्तारामने अंगठे उचलले. दोन्ही पाकळ्या एकदमच वर आल्या, उजवी कोणती आणि डावी कोणती ते त्याला कळलं नाही. वाहत वाहत त्या पिवळ्या भिंतीपाशी गेल्या आणि तिथेच गोल फिरत राहिल्या. त्यांच्याकडे बघत तो पावसात उभा होता, आणि आत राधाबाई पुढचं गाऱ्हाणं ऐकायला कान लावून पडली होती.